हलकी ड्युटी

अठ्ठाविसावा.
मॅनेजरसाहेबांनी अर्ज वाचला, मान वर केली नाही,
कोपऱ्यात शेरा मारला: हलकी ड्युटी.
आता मी पासच्या खिडकीत.
कॅशबॅग गेली, पण डावा खांदा
अजून खालीच असतो,
जणू कुणाला तरी सुटे द्यायचे राहिलेत.

एकोणतिसावा.
रक्त कमी आहे, म्हणाल्या बागवान सिस्टर,
गूळ-शेंगदाणे खा, चहा सोडा.
पहाटेची मेढा गाडी
सहा वर्षं मी चहावर ओढलीय, सिस्टर.

तिसावा, एकतिसावा
नीट आठवत नाहीत. शाळांचे पास होते.
फोटोला डिंक लावता लावता रहिमतपूरची एक मुलगी म्हणाली,
मॅडम, तुमचं टेबल हलतंय.
टेबल नव्हतं हलत.

बत्तिसावा.
रेस्टरूममध्ये डोहाळजेवण.
वर्कशॉपच्या पोरांनी जुन्या वायपरचं धनुष्य केलं,
त्याला झेंडू बांधला, ग्रीसचा वास तसाच.
दोन वाट्या पालथ्या. मी डावी उचलली: पेढा.
मुलगा! म्हणून सगळ्या ओरडल्या.
शालनला शंका आली, तिने उजवी उचलली,
तिच्याखालीही पेढाच.
साताऱ्यात बर्फी आणायला कोण जातंय?
मुलाणी ड्रायव्हर पोट धरून हसले.
मी आधीपासूनच धरून होते.

तेहतिसावा.
रात्री डाव्या कुशीवर पडून दहा मोजायचे.
मोजायची मला सवय आहे:
चव्वेचाळीस बसलेले, अकरा उभे,
जुळल्याशिवाय गाडी हलवायची नाही.
नऊ होतात.
पाणी पिते, खडीसाखर चघळते, पंखा बंद करते.
नऊच.

चौतिसावा.
हे सांगायचं नव्हतं.
गेल्या वेळी बारावाच होता.
कण्हेरच्या पुढे पाठीत कळ आली.
मी उरलेल्यांची तिकिटं काढली,
एका म्हाताऱ्याचे तीन रुपये परत दिले,
मेढ्याच्या स्टँडवर उतरून बाथरूमची कडी लावली.
परतीला गाडी भरून होती.
संध्याकाळी वे-बिलात एक पैसा इकडचा तिकडे नव्हता.
घरी सांगितलं तेव्हा दिग्विजयने
लाइट लावला नाही, मीही लाव म्हटलं नाही.
तेव्हापासून कुणी विचारलं, कितवा?
तर एक आठवडा कमीच सांगते.

पस्तिसावा. (कुणी विचारलं तर चौतीस.)
डोकं खाली आलंय.
यवतेश्वराकडून वारा येतो, तरी घाम.

छत्तिसाव्यात आई वडूजहून आली,
अर्ध्या तिकिटात, तीन बोचकी घेऊन.
धुऊन मऊ केलेली लुगडी, अळीव, बाजरीचं पीठ,
आणि कुणा भावकीतल्या बाळाचं टोपडं,
ते म्हणे लाभतं.
मी विचारलं, लगेज काढलं का?
तिने माझ्याकडे असं बघितलं
की मी उठून चहा ठेवला.

अडतिसावा.
पाय माझ्या चपलेत मावत नाहीत, त्याच्या घालते.
मंगळवारी खोट्या कळा. रिक्षावाल्याने
पोवई नाक्यावरून परत फिरवताना पैसे घेतले नाहीत,
वहिनी, खऱ्या वेळी डबल द्या, म्हणाला.
मला तो अपशकुन वाटला, मग नाही वाटला.
सदतिसावा कुठे गेला?
खिडकीतच गेला असेल.

एकोणचाळिसावा.
पहाटे डेपोत गाड्या तापवायला सुरुवात होते,
घरापर्यंत ऐकू येतं. एकेक इंजिन मी ओळखते,
हे मेढ्याचं, खोकतं.
आई जमिनीवर घोरतेय.
बरगडीखाली एक ठोका. थांब.
श्वास धरून पडले.
मग दोन, लागोपाठ, कंडक्टरच्या हाताने मारावेत तसे.
चार, पाच. मी दहाला पोचले
आणि मोजणं थांबवलं नाही.
सतरापर्यंत गेले.
उद्या चाळिसावा.
कुणी विचारलं तर चाळीसच सांगणार आहे.

पाटी अजून लावलेली नाही.
दिग्विजय म्हणतो नाव नंतर बघू.
दाराशी पिशवी भरून ठेवलीय, वरच्या कप्प्यात
रिक्षासाठी सुटे पैसे.